सिस्टर कोणाला म्हणायचं?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की आमच्या गल्लीत माहेरवाशिणींच्या मागोमाग आणखी एक पाहुणे येऊ लागतात. बारावीचा निकाल खिशात घेतलेले बाप. सत्तावीस वर्षं नर्सिंग केलेल्या बाईचं घर म्हणून ते माझ्या ओट्यावर टेकतात, पाणी पितात आणि मुलीला पुढे करतात. यंदा तापीकाठचा एक शेतकरी आला. त्याच्या हातात गुळगुळीत कागदावर छापलेलं रंगीत पत्रक होतं: 'एका वर्षात नर्स बना. नोकरीची शंभर टक्के हमी.' चाळीस हजार फी, दोन हप्ते. पहिला हप्ता भरूनही झाला होता. त्याला माझ्याकडून एवढंच ऐकायचं होतं, "पोरले नोकरी लागी ना, ताई?"

मी ते पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा उल्लेख नाही, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेचा नाही, परीक्षा कोण घेणार तेही नाही. पत्ता होता बसस्टँडजवळच्या एका गाळ्याचा. नोकरी लागेल का, तर लागेल. अडचण तिथेच आहे. अशा मुलींना आपल्या तालुक्याच्या गावांत लगेच नोकरी लागते, पाच-सात हजारांवर. पहिल्याच दिवशी अंगावर पांढरा कोट येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून रुग्ण तिला सिस्टर म्हणू लागतात.

या क्षेत्रात येणाऱ्या मुलींना सल्ला द्यायचा म्हटलं की आपल्याकडे सेवाभावापासून सुरुवात होते. दर १२ मेला मेणबत्त्या लागतात, त्यागाची भाषणं होतात, सहनशीलतेचं कौतुक होतं. मी ती सगळी ऐकली आहेत आणि त्यातला मान मनापासून घेतलाही आहे. तरी माझं मत उलट आहे. सेवाभाव या मुलींना शिकवावा लागत नाही. आजीचं पांघरूण बदलून, शेतातून आलेल्या बापाला लू लागली तर ओला टॉवेल टाकून बसून त्या आलेल्या असतात. त्यांना शिकवायला हवी ती हद्द. माझ्या शिक्षणानं मला काय करायची परवानगी दिली आहे, काय दिलेली नाही, आणि दिलेली नसेल तर समोर कोणीही उभं असलं तरी 'मी हे करणार नाही' कसं म्हणायचं. ती हद्द पाळायला मुलीला बळ देणं हे तिच्या एकटीचं काम नाही. दवाखाना चालवणाऱ्यांचं आहे, बापाचं आहे, आणि उपचाराला जाणाऱ्या तुमचं-माझंही आहे.

हद्द नसली की काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सरकारी नोकरी लागण्याआधी दोन वर्षं मी एका खासगी दवाखान्यात होते, वीस खाटांचा. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात, उलट्या-जुलाबाचे रुग्ण व्हरांड्यात गाद्या टाकून झोपवलेले. डॉक्टरांनी फोनवरून सांगितलं, "त्या कोपऱ्यातल्या पेशंटला केसीएल द्या." फोन उचलला होता सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या एका मुलीनं. मी दुसऱ्या खोलीतून आले तेव्हा तिनं दहा मिलीचा अँप्युल (औषधाची काचेची कुपी) फोडून सगळं औषध सिरिंजमध्ये ओढलं होतं, आणि सलाईनच्या नळीच्या रबराला सुई लावली होती. मी तिचं मनगट धरलं.

केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. त्या एका अँप्युलमध्ये वीस मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. ते अर्ध्या किंवा एक लिटर सलाईनमध्ये मिसळायचं, बाटली चांगली उलटीपालटी करायची म्हणजे ते तळाशी साचत नाही, आणि मग काही तासांत हळूहळू द्यायचं. तेच औषध थेट शिरेत ढकललं तर हृदय तिथल्या तिथे थांबतं. दिसायला तो अँप्युल डिस्टिल्ड वॉटरसारखाच, त्याच ट्रेमध्ये पडलेला. मुलगी थरथरत म्हणाली, "मला हे कोणी सांगितलंच नाही." खरंच कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर आले, तिच्यावर ओरडले, तिची एका दिवसाची मजुरी कापली. ट्रे तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी पुन्हा इंजेक्शनं देत होती, कारण द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

त्या दिवशी रुग्ण गेला असता, तर पोलिसांत नाव कोणाचं गेलं असतं? म्हणूनच मी मुलींना सांगते की हद्द ही रुग्णाइतकीच तुमच्याही जिवासाठी आहे.

आता कोण काय असतं ते सरळ सांगते, कारण अर्धी फसवणूक नावांच्या गोंधळातून होते. एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवायफरी) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) तीन वर्षांचा. दोन्हीला बारावी लागते आणि विज्ञान शाखेचीच अट नाही. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची पदवी, त्याला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवं. आपल्याकडे एएनएम-जीएनएमच्या परीक्षा राज्याचं नर्सिंग व पॅरामेडिकल शिक्षण मंडळ घेतं, आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. यातलं काहीही पूर्ण झालं की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते, क्रमांक मिळतो, आणि दर पाच वर्षांनी ती नोंदणी नवी करावी लागते. तो क्रमांक असला तरच तुम्ही नर्स. नसेल तर पांढरा कोट कितीही कडक इस्त्रीचा असो, तुम्ही नर्स नाही.

नर्सिंग असिस्टंट, पेशंट केअर असिस्टंट, जनरल ड्यूटी असिस्टंट हे कौशल्य विकासाचे काही महिन्यांचे अभ्यासक्रम असतात. त्यांतले चांगलेही आहेत. पण त्यातून नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, कधीच मिळत नाही. पत्रकवाले नेमकं हेच सांगत नाहीत.

त्या शेतकऱ्याला मी दोन गोष्टी करायला सांगितल्या. संस्थेत जाऊन या वर्षाचं मान्यतापत्र मागायचं, कारण मान्यता वर्षावर्षाची असते आणि भिंतीवर टांगलेली जुनी फ्रेम काही सिद्ध करत नाही. आणि गेल्या तुकडीतल्या एका मुलीचा कौन्सिलचा नोंदणी क्रमांक प्रत्यक्ष पाहायचा. तो दाखवला नाही तर उठून यायचं. आणखी एक गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. २०२४-२५ या वर्षापासून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक पदवीला प्रवेश घेतलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना शिष्यवृत्त्या पूर्वीपासून आहेत. म्हणजे ज्या मुलीला जीवशास्त्रात बरे गुण आहेत, तिच्यासाठी बाप बिनकामाच्या कागदाला चाळीस हजार मोजत होता, आणि खरी पदवी त्याला कदाचित त्याहून स्वस्त पडली असती. हे त्याला शाळेत कोणी सांगितलं नाही, ग्रामपंचायतीत सांगितलं नाही. पत्रक मात्र घरपोच आलं.

मी असिस्टंटच्या कामाला कमी लेखते, असं इथे कोणाला वाटेल. मला नेमकं उलटं म्हणायचं आहे. लकवा झालेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून देणं, टाचेवरची आणि माकडहाडावरची कातडी रोज पाहणं, लाल झालेल्या जागेवर बोट दाबून ती पांढरी पडते की तशीच लाल राहते हे बघणं. तशीच राहिली तर जखम आतून सुरू झाली, हे ओळखून सिस्टरला सांगणं. अंथरुणावरच्या रुग्णाला भरवताना पाठ उंच करून बसवणं, घास गिळला की नाही ते पाहून मगच दुसरा देणं, नाहीतर पेज फुप्फुसात जाते. लघवी किती झाली ते मापानं मोजून लिहिणं. हे सगळं शिकावं लागतं, आणि ते चुकलं तर माणूस मरतो. या कामाला स्वतःचं नाव हवं, स्वतःचा गणवेश हवा, पगार हवा, आणि दोन-चार वर्षांनी एएनएम-जीएनएमला जाण्याची वाट हवी. आज आपण काय करतो? ज्या कामात ही मुलगी तयार होऊ शकली असती ते वॉर्डातल्या मावशीवर ढकलतो, आणि जे तिनं करूच नये ते इंजेक्शन तिच्या हातात देतो. मुलगी दोन्हीकडून जाते. दहा वर्षांनी तिच्याकडे ना नोंदणी असते ना दुसरं कसब.

दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांची बाजू मला माहीत आहे, त्यांच्यातले काही माझे जवळचे लोक आहेत. ते म्हणतात, नोंदणी असलेली नर्स तालुक्याला टिकत नाही. नाशिक-पुण्याला जाते, नंदुरबारकडची सुरतला जाते. तिला पगार वाढवून द्यायचा तर बिल वाढवावं लागेल, आणि कापसाला भाव नसलेल्या वर्षी ते बिल कोण भरणार? हा प्रश्न खोटा नाही. केळीचा ट्रक अडकला की आमच्याकडे ऑपरेशन पुढे ढकललं जातं, हे मी पाहत आले आहे.

पण नर्स टिकत नाही ती का टिकत नाही? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र सरकारनं नेमलेल्या समितीनं २०१६ साली शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत. ५० ते १०० खाटा असतील तर राज्य सरकारच्या पगारापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त कमी नको, १०० च्या वर असतील तर १० टक्क्यांहून जास्त कमी नको, आणि २०० च्या वर सरकारइतकाच. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. तेव्हाचे वीस हजार आज किती झाले असते, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. आमच्या भागातल्या कित्येक मुली तीन वर्षं शिकून, नोंदणी करून, आजही त्याच्या अर्ध्यावर राबतात, कारण शेजारच्या टेबलावर तेच काम पाच हजारांत करणारी मुलगी उभी असते. बनावट सिस्टर खऱ्या सिस्टरचा पगार पाडते आणि मग खरी सिस्टर गाव सोडते. डॉक्टर ज्या अडचणीची तक्रार करतात ती अशी त्यांच्याच दारात तयार होते.

सगळ्याच खाटांना जीएनएम द्या, असं मी म्हणत नाही. प्रत्येक पाळीला किमान एक नोंदणीकृत नर्स, औषध आणि शिरेचं सगळं काम तिच्याच हातात, आणि तिच्या हाताखाली नीट शिकवलेल्या, असिस्टंट म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या मुली. वीस खाटांच्या दवाखान्याला हे झेपतं. खासगी रुग्णालयांची नोंदणी आपल्याकडे १९४९ च्या कायद्याखाली होते, आणि नर्सिंगच्या कामात पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण असावं ही अपेक्षा त्या कायद्यातच आहे. २०२१ च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. त्याच भिंतीवर पाळीवरच्या नर्सचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहायला एक फळा पुरे. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी खाटा मोजाव्यात तसे हे क्रमांकही मोजावेत.

ज्या मुली खरोखर निघाल्या आहेत, नर्स व्हायला किंवा असिस्टंट व्हायला, त्यांच्याशी आता थोडं बोलते.

कामाला लागण्याआधी कावीळ-बीची (हेपटायटिस बी) लस घ्या. तीन डोस असतात: पहिला, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. दवाखाना देत नसेल तर मागा, तरीही नाही दिली तर पदरचे पैसे घालून घ्या. वापरलेल्या सुईवर टोपण परत चढवू नका. ती सरळ पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात. टोचलीच, तर बोट दाबून रक्त काढत बसू नका. साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच सांगा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध पहिल्या दोन तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. मुली ओरडा बसेल म्हणून लपवतात. ओरडा चार दिवसांत विरतो.

फोनवर औषध सांगितलं तर ते जसंच्या तसं परत वाचून दाखवा, वेळ घालून लिहा, डॉक्टर आले की सही घ्या. जे केलं नाही ते केलं म्हणून कधीच लिहू नका. रात्री नाडी पाहिली नसेल तर ती जागा कोरी राहू द्या. त्या कोऱ्या जागेबद्दल बोलणी बसतील, पण खोट्या आकड्यावर पुढचा डॉक्टर विश्वास ठेवून औषध ठरवतो.

मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं कोणाच्याही कपाटात ठेवू नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या. कामावर मारहाण झाली, तर राज्याचा २०१० चा कायदा डॉक्टरांइतकंच नर्सलाही संरक्षण देतो, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही. कोणी अंगचटीला आलं, तर दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. मुलांनीही या क्षेत्रात यावं. ब्रदर म्हणून त्यांना आज जागा आहे, आणि जड रुग्ण उचलताना एकट्या मुलीची कंबर जाते, ती वाचेल. परदेशाचं म्हणाल तर जर्मनी असो की आखाती देश, तिथेही पहिला प्रश्न नोंदणीचाच असतो.

आणि भाषा. यावर मी जास्त बोलते, कारण कोणत्याच अभ्यासक्रमात ती नाही. आपल्या भागात नर्स शिकते पुस्तकी मराठीत, औषधं वाचते इंग्रजीत, आणि रुग्ण बोलतो अहिराणी, तावडी, गुजरी, भिल्ली, पावरी. "कुठे दुखतंय?" विचारलं तर म्हातारी गप्प बसते, "कोठे दुखस, माय?" म्हटलं की पाच मिनिटं सांगते. पावरा आदिवासींच्या पाड्यावरून आलेली बाई तर प्रश्न कळला नाही तरी मान हलवते. ती मान म्हणजे होकार समजून मी नोकरीच्या सुरुवातीला चुका केल्या आहेत. सातपुड्यात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र हा निकष आहे, आणि त्या उपकेंद्रात बरंचसं काम एएनएमवरच असतं. तिला तिथली बोली येत नसेल तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी कशासाठी ते ती समजावू शकत नाही, आणि दवाखान्यात बाळंत व्हायला बाईला तयारही करू शकत नाही. धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शंभर तास बोली शिकवा, गावातल्याच बायांकडून. त्या पाड्यांवरच्या मुलींना नर्सिंगच्या जागा मिळाल्या तर आणखी चांगलं. त्यांना भाषा शिकवावीच लागणार नाही.

सातपुड्यातल्या एका रुग्णालयात मी रात्रपाळीला एकटी होते. पाड्यावरून बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलेली, तिथून जीपनं आलेली पावरी बाई नऊ वाजता बाळंत झाली. दहाला मी नाडी, रक्तदाब पाहिला, सगळं ठीक होतं. मग दुसरीच्या कळा वाढल्या आणि मी तिकडे अडकले. सव्वाअकराला वॉर्डातली मावशी दारात आली. आवाज न चढवता म्हणाली, "ताई, तिनं तिसरं फडकं बदललंय. दोन पुरते भिजलेले. मी पावरीत विचारलं तर आता नीट उत्तर देत नाहीये."

मी धावले. गर्भाशय हाताला मळलेल्या कणकेसारखं मऊ लागत होतं. वरून चोळायला घेतलं, तिच्या हाताला सुई लावली, गर्भाशय आकुंचन पावायचं औषध ऑक्सिटोसिन सुरू केलं, मावशीला डॉक्टरांकडे पळवलं. पाऊण तासानं रक्त थांबलं. तिसऱ्या दिवशी ती बाई बाळाला घेऊन घरी गेली.

तो केसपेपर मला अजून आठवतो. त्यावर डॉक्टरांची नोंद होती, वेळेसकट, सहीसकट. माझी नोंद होती: सव्वाअकरा, रक्तस्राव, गर्भाशय मऊ, काय दिलं, किती दिलं. फडकी कोणी मोजली, बोलण्यातला फरक कोणाच्या लक्षात आला, याला त्या कागदावर जागा नव्हती. आजही नाही. 'प्रथम कोणी पाहिलं, किती वाजता, कोणाला कळवलं' एवढी एक ओळ छापली तर असिस्टंटचं नावही नोंदीत येईल, जबाबदारीही येईल आणि तिला शिकवणं कोणाला टाळता येणार नाही. त्या रात्री मी माझ्या सहीच्या वर तिचं नाव हातानं लिहू शकले असते. मी लिहिलं नाही.